पिन बसली म्हणून

(नवेगाव बांध, २०१२. सुशिलाबाईंच्या घरची ओसरी, संध्याकाळ. त्यांची धाकटी नणंद कुंता गोंदियाहून भेटायला आली आहे. येत्या सोमवारी ती पहिल्यांदाच मुलाकडे, अमेरिकेला निघायची आहे.)

कुंता : पन भाभी, तिकडच्या सॉकेटची पिन तर घेतली ना मी. नागपूरहून मंगवली. हा कंबर शेकाचा पट्टा तिच्यात बराबर बसते, लावून पाह्यला.

सुशिलाबाई : आमचीबी बसली होती. तुया दादाची ती दम्याची मशीन, वाफेची. तिलेबी अशीच पिन नेली होती आम्ही. बसली म्हनून तर सारा घोटाळा झाला.

कुंता : कायचा घोटाळा? मले तर कोनी नाही बोललं. दादा फोनवर म्हनत होते, सब बढिया.

सुशिलाबाई : ते तसंच म्हनतेत. तिकडे अमेरिकेत लेकीच्या, रविताच्या घरीबी तसंच म्हनत होते. धानाले पानी लावाले गेले आहेत, ते येवाच्या आधी सांगून टाकते. त्यायच्या समोर काढलं का उठून जातेत.

कुंता : सांगा.

सुशिलाबाई : आम्ही पोचलो तं लेकीकडे थंडी मोठी. बाहेर बर्फ, घरात हीटरची कोरडी हवा. दुसऱ्याच दिवशी ह्यायची छाती सुईंसुईं कराले लागली. मशीन लावली. आवाज आला, पन कसा, थकलेल्या भुंग्यावानी. वाफ नावाले. औषध वाटीत तसंच्या तसं.

कुंता : विमानात खराब झाली असंन.

सुशिलाबाई : मलेबी तसंच वाटलं. मंग जवायानं समजावलं. आपल्या घरची लाइन दोनशे तीस व्होल्टची, तिथली एकशे वीसची. पिन फक्त भोक जुळवून देते, लाइन नाही बदलत. आपली मशीन तिथं अर्ध्यापोटी चालते.

कुंता : मतलब जवायाले तेव्हाच विचारलं तुम्ही?

सुशिलाबाई : नाही ना. सारं होऊन गेल्यावर समजावलं त्यायनं. मी तं पह्यल्याच दिवशी म्हटलं, रविताले सांगू. हे नाही म्हने. पोरगी अन जवाई अंधारात जातेत, अंधारात येतेत, आल्यावर आपल्यासाठी रांधतेत. आता आपला दमाबी त्यायच्या डोक्यावर ठेवाचा का, म्हने. रविता रोज विचारे, बाबा, मशीन घेतली का. हे म्हनत, घेतली. अन माझ्याकडे असे पाहत, का मी तोंड उघडू नये.

कुंता : दादाचं लहानपनापासून असंच आहे. पायात काटा मोडला तरी बाबूजीले सांगत नव्हते.

सुशिलाबाई : खालच्या मजल्यावर एक हैदराबादची बाई राहे. तिच्याजवळ एक डबी होती, लाइन वाढवनारी. आपल्याकडून नेलेल्या केस वाळवाच्या मशीनसाठी ठेवली होती तिनं. ह्यायनं जिन्यात गोष्टी करता करता तिले सांगितलं, तं बिचारीनं चांगल्या मनानं देली. तिच्यावर लिहिलं होतं म्हने, मोटरच्या सामानाले लावू नोका, लावून सोडून देऊ नोका. बारीक इंग्रजी. वाचते कोन?

कुंता : मग चालली मशीन?

सुशिलाबाई : अशी चालली का विचारू नोको. छाती मोकळी झाली, त्या दिवशी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी परत लावली. औषध घेतलं, मशीन बंद केली, पन डबी भिंतीच्या सॉकेटले तशीच लागून, खाली गालिच्यावर. हे लवंडले, मी कपड्यायच्या घड्या करत होती. जळका वास आला. पाहते तं डबी वितळून राहिली अन गालिच्यातून धूर.

कुंता : अरे राम. बटन बंद कराचं ना.

सुशिलाबाई : बटन शोधाले तं धावले हे. तिथं सॉकेटले बटनच नसते, कुंता. सरळ भोकं. मंग मीच कोरडा टॉवेल हाताले गुंडाळला अन पिन वढली. तेवढ्यात छतावरचा भोंगा वाजला. साऱ्या बिल्डिंगचे लोक खाली. लेकरं, म्हाताऱ्या, सारे बर्फात उभे. त्यायच्यात हे, अंगावर माही शाल, अन दम असा लागला का उभं राहवेना. रस्त्याच्या काठाले बसवलं मी त्यायले.

कुंता : रविता?

सुशिलाबाई : ऑफिसातून आली धावत. मले वाटलं, आता रागवंन. नाही रागावली. बंबवाल्यायशी बोलली, शेजाऱ्यायची माफी मांगितली, मंग ह्यायच्या बाजूले तिथंच बर्फात बसली. म्हने, 'बाबा, आग लागली म्हनून समजलं मले. तुमचा दम काऊन नाही समजू देला?'

कुंता : दादा काय म्हनले?

सुशिलाबाई : काय म्हनतेत? बोलाले श्वास तं पायजे. तिचा हात धरून राहिले. मंग दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं तिथलीच मशीन लिहून देली. निघेपर्यंत तिनं आपल्या हातानं लावली रोज, ऑफिसले उशीर झाला तरी. हे आता खुशीनं लावून घेत. येतानी म्हनाले, हीच घेऊन जातो. तं तिनं नाही आनू देली. तिथली मशीन आपल्या लाइनले लावली तं जळून जाते, म्हने.

कुंता : तर मग काहीच नाही न्यायचं का मी?

सुशिलाबाई : फोनचा चार्जर ने. त्याच्यावर शंभर ते दोनशे चाळीस लिहून असते, तो दोन्हीकडे चालते. तुया पट्ट्यावर काय लिहून आहे, वाच.

कुंता : दोनशे तीस. बस, तेवढंच.

सुशिलाबाई : मंग राहू दे इथं. पोराले, तिलकले सांग, तिथला आनून ठेवंन.

कुंता : कसं सांगू, भाभी. कंबर दुखते हेच माहीत नाही त्याले. दर बारी विचारते, मम्मी, कशी आहे. मी म्हनते, एकदम फर्स्टक्लास.

सुशिलाबाई : तिथं आता सकाळ झाली असंन.

कुंता : हव. या टायमाले उठते तो.

सुशिलाबाई : मंग लाव फोन. अन तो कशी आहे म्हनंन ना, तं फर्स्टक्लास म्हनाची घाई नोको करू.