आत्याचं कुंकू

फोटोत रंग भरायचं नाव काढू नका माह्यासमोर. नवं घर झालं म्हणून मोठ्या भावानं आमचा जुना, घरच्या सगळ्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो अमरावतीच्या स्टुडिओत देला. सांगतलं, "सारा फोटो तसाच ठेवा, फक्त बायांचं कुंकू लाल करा." स्टुडिओवाल्यानं दिसली बाई की लाव कुंकू, असा धडाका लावला. त्यात आमच्या आत्यालेही लावलं. आत्या त्या फोटोच्या आधीच, ऐन विशीत विधवा होऊन भातकुलीले माहेरी आली होती.

मोबाइलवर नमुना पाहून भाऊ भडकला. "अक्कल हाये का त्याले? पुसायले सांगतो."

आत्या बाजूलेच बसून होती. चष्मा लावून तिनं फोटो पायला. "राहू दे ना बाबू. मी काई वाईट नाई दिसून राहिली."

"लोक काय म्हणतीन, आत्या?"

"पयल्यांदा पुसलं, तवा तुह्या आज्यानंबी हेच म्हटलं होतं."

फ्रेम आली. आजी, आई, काकू, सगळ्यांचं कुंकू लालभडक. आत्याचं कपाळ कोरं.

आल्या-गेल्याले भाऊ दाखवते, "पाहा, फोटोत कसा जीव आला!" अन् त्या पाहुण्यांचा चहा आत्याच घेऊन येते.