नाव सांगा, अक्का

नवऱ्याला ऑपरेशनला आत नेल्यापासून चामराजपेटची कृष्णवेणी बाहेरच्या बाकावर बसून होती. आजूबाजूच्या कन्नड बोलण्यात मागच्या बाकावरून मराठी कानावर आलं. बेळगावकडची भावंडं दिसत होती. बहिणीच्या मनगटाला हॉस्पिटलचा पट्टा होता.

“एस्तेर, एवढी का घाबरतेस? विश्वास आहे ना तुझा?”

“आहे की, दादा. विश्वास आहे आणि भीतीपण आहे.”

“पास्टर काय म्हणाले? चिंता करायची नाही.”

“पास्टरांच्या पोटात गाठ नाही.”

“असं बोलू नये.”

“प्रभूला ठाऊक आहे मी कशी बोलते ते. रोज मागत होते, मला बरं कर. आज सकाळी तेवढंसुद्धा सुचेना. म्हटलं, मला फार भीती वाटतेय, तू आत माझ्याबरोबर चल.”

“मग?”

“मग वेणी घातली. त्याआधी हातात कंगवा धरवत नव्हता.”

“म्हणजे भीती गेली.”

“कुठली जातेय? पण आता एकटी आहे असं वाटत नाही.”

नर्सने हाक मारली. एस्तेर उठली आणि कृष्णवेणीपाशी थांबली.

“अक्का, मघाशी फोनवर मराठी बोलत होता ना? आत कोण आहे तुमचं?”

“आमचे हे.”

“त्यांच्यासाठीपण प्रार्थना करते. नाव सांगा.”

“आम्ही अंबाबाईचे, बाई.”

“असू दे की. नाव काय त्यांचं?”

एवढ्या वर्षांच्या संसारात कृष्णवेणीने ते नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने पदर सावरला.

“नरसिंहराव,” ती म्हणाली.