पुसायचे पंधरा सेकंद

(मद्रास, १९६७. एका संस्थेतली संगणकाची खोली, दुपारचे चार. राघोत्तमराव तंजावरकडचे, तिथले मुख्य. विद्युलता सांगलीहून लग्न होऊन आलेली, हाताखालची.)

विद्युलता : तीच भोकांची कार्डं, राघोत्तमराव. तोच गठ्ठा. सकाळी एकोजीरावांच्या पाण्याच्या टाकीचा भार आला दोनशे दहा टन, आता येतोय दोनशे चौऱ्याहत्तर.

राघोत्तम : एखादें कार्ड दुमडलें असेल.

विद्युलता : दोनदा पाहिलं. चूक कामांना जागा वाटणाऱ्या कारभारी प्रोग्राममध्ये आहे.

राघोत्तम : माझा कारभारी प्रोग्राम ज्याला त्याला ठरलेली जागा देत होता. मागेल त्याला मागेल तेवढी द्यायची, ही टूम तुमची.

विद्युलता : टूम बरी आहे. दिवसाला चाळीस कामं व्हायची, आता साठ होतात. पण एकाचं काम संपलं की यंत्राच्या स्मृतीतली, ड्रमवरची त्याची जागा पुसून मगच दुसऱ्याला द्यायची असते. ते पुसणं मी काल काढून टाकलं.

राघोत्तम : अय्यो. मग एकोजी इंजिनिअरच्या हिशेबांत आधीच्याचे आंकडे शिरले?

विद्युलता : रिकाम्या जागी शून्य असेल असं त्यांनी धरलं. सकाळी तिथं आधीच्याचे उणे आकडे पडून होते, म्हणून भार कमी आला; आता जागा पुसून चालवलं तर खरा आला.

राघोत्तम : घरीं पंगत उठली, तर उष्टें काढून सारवल्यावांचून दुसऱ्यास बसवतां काय?

विद्युलता : नाही.

राघोत्तम : मग इथें कां?

विद्युलता : पुसायला पंधरा सेकंद. साठ कामं. पाव तास जातो.

राघोत्तम : पाव तासांत काय मिळालें?

विद्युलता : पाचची बस. एरवी टी. नगरला पोचेपर्यंत पोर रडून निजलेली असते, उपाशी. काल पहिल्यांदा जागी सापडली.

राघोत्तम : मज सांगायचें होतें.

विद्युलता : घरच्या अडचणी दाराबाहेर ठेवा, असं तुम्हीच म्हणाला होता.

राघोत्तम : म्हणालों खरा.

विद्युलता : सकाळचे कागद एकोजीराव घेऊन गेलेत. उद्या त्याच आकड्यांवर काँक्रीट ओततायत.

राघोत्तम : असें करूं. पुसणें गुपचूप परत घाला. एकोजीस कळवूं, कार्ड पंच करतांना चुकलें, नवे आंकडे घ्या. सोमवारीं संस्थेचे साहेब ठरवणार, तुमची पद्धत ठेवावी कीं माझी. हें कळलें तर तुम्ही परत कार्डांच्या खोलींत.

विद्युलता : कार्डं महालक्ष्मीनं पंच केलीत.

राघोत्तम : तिला कोण काय म्हणणार?

विद्युलता : रोजंदारीवरच्या मुलीला म्हणत नाहीत काही. उद्यापासून येऊ नको, एवढंच सांगतात.

राघोत्तम : मग एकोजीस काय सांगायचें?

विद्युलता : एकोजीरावांना मी फोन करते. पुसणं मी काढलं, असंच सांगणार. मग कालपासून ज्यांचे कागद बाहेर गेलेत ती कामं पुन्हा चालवू. तीसेक आहेत.

राघोत्तम : नऊ वाजतील.

विद्युलता : हो.

राघोत्तम : तुमच्या कालच्या बदलाखालीं सही माझी आहे, ठाऊक आहे ना? न वाचतां केली. साहेबांस तेंही सांगावें लागेल. करा फोन. गठ्ठे मी काढतों.

विद्युलता : मग अजून एक करू? आमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे?

राघोत्तम : करा कीं. काय कळवायचें?

विद्युलता : सासूबाईंना निरोप. आज पोरीला वाटी-चमच्यानं पाजा. आणि माझी कालची साडी अजून धुतली नसेल, तर तिच्या उशाशी ठेवा.