विचिटाचे आकडे

...नाही, विश्वासघात हा शब्द मोठा होतो म्हणता? मग छोटा शब्द तुम्ही सांगा, मी तो वापरते! कारण तुम्हाला सांगते, परक्यानं गळा कापला तर माणूस निदान ओरडतो तरी. इथे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं कापला. माझ्या हॉलमध्ये बसून, माझी साबुदाण्याची खिचडी खात, माझ्या टीव्हीला स्वतःचा लॅपटॉप जोडून कापला... आणि मी काय म्हणतेय, तर "भाऊजी, अजून थोडी वाढू?"

शेजारी म्हणजे देवेंद्र. माझा नवरा सुदेश, त्याच्याच कंपनीत, त्याच्याच बाजूच्या खुर्चीत. इथे आखातात, रिग्गईतल्या बिल्डिंगमध्ये आम्ही खाली, ते वर. आणि त्याची बायको चित्रा, ती माझी... आता काय म्हणू? इतकी वर्षं बहीणच म्हणत होते! अक्षराच्या वेळी माझ्या कळा सुरू झाल्या तेव्हा सुदेश भारतात अडकला होता, हॉस्पिटलात माझा हात धरून बसली होती ती चित्रा.

तर झालं काय, कंपनीनं सुदेशला विचारलं, अमेरिकेतल्या ऑफिसात एक जागा आहे, जाणार का? गावाचं नाव विचिटा. मी म्हटलं, हे गाव आहे की विंचवाची जात? पण मनातून हरखले हो! इथे काय, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढून येईपर्यंत जिवात जीव नाही, नोकरी गेली की चंबूगबाळं आवरा आणि चालू लागा! अक्षरा अकरावीला, तिला पुढे कुठे पाठवायची, कुणाकडे ठेवायची... तिथे निदान आमच्या घरात राहून कॉलेजला गेली असती!

पण आमच्या सुदेशला साधा टूथब्रश घ्यायचा तरी देवेंद्रचं मत लागतं. विचारलं. देवेंद्र म्हणाला, "घाई नको. मी अभ्यास करतो." आणि केला की! शहराचा संपूर्ण आढावा, रंगीत तक्त्यांसकट! "वहिनी, भावनेवर जाऊ नका. आकडे खोटं बोलत नाहीत."

"लोकसंख्या जेमतेम चार लाख. आपल्या सांगली-मिरजेएवढीसुद्धा नाही! रस्त्यात माणूस दिसणार नाही वहिनी, वेड लागेल. शिक्षण बघा, शंभरातले तीसेक पदवीधर. अक्षरानं आदर्श कुणाचा घ्यायचा? कमाई कशावर, तर विमानं बनवण्यावर. विमानं खपली नाहीत की अख्खं गाव घरी! आशियाई शंभरात पाचेक, त्यातले पुष्कळसे व्हिएतनामी. मराठी माणूस दुर्बीण लावून शोधा. आणि चक्रीवादळं... छप्पर उडतं वहिनी, छप्पर!" मग डोळे मिटून, अगदी कीर्तनकारासारखं, "आकडे खोटं बोलत नाहीत!"

चित्रा शेजारीच बसलेली. एरवी हिची टकळी थांबत नाही, आणि त्या दिवशी ही बाई गप्प, खिचडीतले दाणे वेचत! मला वाटलं, ॲसिडिटी झाली असेल. मी भोळी तिला जिरं चावायला दिलं हो!

दुसऱ्या दिवशी सुदेशनं नकार कळवला. देवेंद्रनं पाठ थोपटली त्याची. "वाचलास," म्हणाला!

मग एका दुपारी मी बँकेतून घरी येतेय, तर लिफ्टपाशी आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, अशरफ. म्हणतो, "मादाम, उपर फ्लॅट खाली होता. देवेंद्र बाबा फॅमिली सब अमरीका जाता. तुम्हारा कोई आदमी है?" मी हसले. म्हटलं, "अशरफ, वो नहीं जाता. हम जानेवाले थे, हम भी नहीं जाता." तर नाही-नाही अशी मान हलवत म्हणतो, "ला, ला मादाम! अमरीका! वि... विशीता!"

लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही, जिन्यानं धावले. दार उघडलं त्यांच्या आर्यननं. "हाय आँटी! वुई आर गेटिंग अ बेसमेंट!"

देवेंद्र शांत. "बसा वहिनी. लोकसंख्या फक्त चार लाख, म्हणजे ट्रॅफिक नाही. पदवीधर कमी, म्हणजे आर्यन सहज चमकेल. विमानं काय, जगाला लागतातच. मराठी कमी, म्हणजे राजकारण कमी. आणि वादळाचं म्हणाल तर तळघर असतं ना घराला!"

"भाऊजी, हे तुमचेच आकडे ना?"

"आकडे तेच आहेत वहिनी. आकडे खोटं बोलत नाहीत."

"हो, आकडे नाही बोलत. माणसं बोलतात!"

आत गेले. चित्रा पुसलेला ओटा परत पुसत होती. म्हटलं, "तू तरी सांगायचंस." माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकच जागा होती गं मुक्ता. इथल्या नोकरकपातीत ह्याचं नाव आलं होतं."

"मग हे सांगायचंस! सुदेशनं आपणहून सोडली असती!"

तेव्हा मात्र तिनं वर बघितलं. "सोडली असती? तू सोडू दिली असतीस?"

...खरं सांगते, नसती दिली. आणि हे तिला ठाऊक होतं, त्याचाच जास्त राग आला! नसती दिली म्हणून काय झालं, विचारायचं तरी एकदा!

गेले ते. मी एअरपोर्टवर गेले नाही. सुदेश गेला, त्यांच्या बॅगा उचलल्या आणि डोळे लाल करून परत आला. त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही.

आणि परवा देवेंद्रचा व्हिडिओ कॉल! कानटोपी घातलेली, मागे खिडकीत बर्फ. "वहिनी, चित्रा बोलत नाही हो कुणाशी. बोलायला आहेच कोण? तळघरात जाऊन वॉशिंग मशीनशी बोलते. इथे आणखी एक जागा निघालीय, मी सुदेशचं नाव सुचवलंय..." मी जे तोंड सोडलंय! त्याचा आढावा काढला, त्याच्या खानदानाचा आढावा काढला! मग फोन चित्राकडे गेला. ती नुसतं म्हणाली, "ये ना गं."

आता सगळ्या बायका मला विचारतात, मुक्ता, त्याच माणसांच्या भरवशावर निघालीस? लाज नाही वाटत? वाटते ना! पण तुम्हीच सांगा, एवढ्या मोठ्या अमेरिकेत आमच्या ओळखीचं असं दुसरं आहे तरी कोण?