देव सरकवला त्या खिंडीत

आमची वाडी बघितलीत ना तुमी, पार डोंगराच्या बुडाशी. संगमेश्वर तालुक्यात अशा वाड्या पैशाला पासरी. माजा जन्म हितलाच, बापसाचा हितलाच, आणि आमचा धंदा म्हणजे ओझी. खाडीवरना मीठ नि सुकी मासळी यायची, ती डोक्यावर घेऊन आमी घाट चढायचो, वर देशावरच्या बाजारात टाकायचो, येताना गूळ, मिरची, कांदा. शाळा नावाला झाली. मान मात्र बैलासारखी झाली.

वर खिंडीत एक दगड होता, त्येला नाक नाय डोळा नाय, आमी त्येला पाल्याचा देव म्हणायचो. चढून आलेल्या माणसान हिरवी डहाळी तोडायची नि त्येला वाहायची, म्हणजे पायाचा दुखणा तिथंच राहता. ती वाहिल्याबिगर ओझा उतरायचा नाय, पाणी प्यायचा नाय. बापूस माजा डोक्यावर मिठाचा गोण असताना एका हातान डहाळी तोडायचा, मंग तोंड उघडायचा.

भागी, माजी बायको, ती खिंडीपल्याडची. त्याच वाटेन मी तिला आणली. डहाळी वाहिली आणि हसायला लागली, म्हणाली, तुमी कोकणातली माणसं बोलताय का गाणं म्हणताय? मी बोल्लो, आणि तुमी देशावरची बोलताय का भांडताय? तेव्हापासना जे भांडलो ते आतापर्यंत.

मंग एका पावसात दरड आली आणि वाट गेली ती गेलीच. मीठ दुसऱ्या घाटान ट्रकमधना जायला लागला, ओझी बंद, वाडीतले पुरुष मुंबईला. भागीचा माहेर त्या कड्याच्या वर, दिवाळीला त्यांचा फटाका हितं ऐकू यायचा, पण जायचा तर तीन एस्ट्या बदलायच्या, अख्खा दिवस. गुडघे गेले आणि तेपण संपला. भाऊ एकच, बापू. तो म्हातारा, ही म्हातारी, फोनवर नुसता आपला, जेवलीस का, जेवलास का. काय सांगू तुमाला, फोन ठेवला की कड्याकडं बघत बसायची.

मंग तीच जुनी वाट फोडून रस्ता करायचा ठरला. देव नेमका मधी येत होता. गुरवान गाऱ्हाणा घातला, कौल घेतला, रीतीन दगड उचलून रस्त्याच्या पल्याड कडेला नेला, चौथरा बांधला, फरशी लावली. कुणाची चूक नाय, तसाच लिवा तुमच्या वहीत. भागीला पटला नाय. म्हणाली, देव म्हणजे काय पाट हाय, हितना उचलला नि तिथं मांडला?

रस्ता झाला आणि वरचा भाजीचा टेम्पो दारात यायला लागला, आमच्या बायका परसातली भेंडी घेऊन बसतात त्यांना कोण विचारत नाय. रस्त्याकडंच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतलानी, कुंपणा घातलानी, गुरा न्यायची तर कुठना न्यायची? पण भागी खूश. बापू अंथरुणाला खिळला होता, त्यान फोन केलान, ताई, आता रस्ता झालाय, मी जायच्या आधी एकदा ये.

सकाळच्या वडापच्या जीपन निघालो. तिन काजूची मोटली बांधून घेतली, नवा लुगडा नेसली. खिंडीत धुका. गाडी थांबव म्हणाली, डहाळी वाहायची. डायवर बोल्ला, आजी, लवकर हां. तिन जांभळीची डहाळी तोडली आणि रस्त्याच्या मधी गेली, जुन्या जागेवर. मी ओरडलो, अगो, देव पल्याड हाय! ती म्हणाली, तिकडं नुसता दगड नेला, जागा हितंच हाय. वाकली. वरना कांद्याचा ट्रक आला.

ट्रकचा डायवर पोरसवदा, रस्त्यावर बसून रडत होता. लोक त्येला मारायला धावले. मी बोल्लो, मारू नका, धुक्यात त्येला काय दिसणार, आणि तिला काय तो दिसला?

बापूला त्येच्या पोरांनी गाडीत घालून खाली आणला. तासाभरात. इतकी वर्षा गेली आणि आला तासाभरात. त्येला उचलून तिच्या उशाशी बसवला, तिच्या कपाळावरना हात फिरवत राहिला. मला म्हणाला, दाजी, मीच बोलावली ओ तिला. मी बोल्लो, तिला यायचाच होता.

आमचा मुलगा म्हणतो, मुंबईला चला. काय करू जाऊन? चहा करतो, भात टाकतो, अजून दोघांचा पडतो.

परवा शेजारची सून अडली होती. पूर्वी असती तर डोलीतच जीव गेला असता. ह्या रस्त्यान गाडी घालून वर देशावर डाक्तरकडं नेलानी, पोरगी झाली, दोघी जित्या. तिचा सासरा पेढे घेऊन आला, दारात घुटमळला, मला कसा द्यायचा म्हणून. मी बोल्लो, आण इकडं, पोरीला आवक्ष मिळू दे. तोंडात टाकला. गोडच लागला मेला.