हेल्मेट आणि ड्राइव्ह होम

राव, इंग्रजीनं माझी एकदाच फजिती केली, ती पण दादाच्या दशक्रियेला. दादा हेल्मेट न घालता बेल्ह्याच्या बाजाराला निघाला आणि रस्त्यातच अपघातात गेला. म्हणून मला श्रद्धांजलीच्या भाषणात पोरांना हेल्मेटचं सांगायचं होतं. मास्तर कानात म्हणाले, "लोकांसमोर रडू नको. शेवटी पॉइंट ड्राइव्ह होम कर."

दोन वाक्यं बोललो, दाखवायला आणलेलं दादाचं कोरं हेल्मेट घातलं आणि सगळ्यांसमोरून गाडी घरी आणली.

मास्तर मागोमाग आले. "अरे, ड्राइव्ह होम म्हणजे मुद्दा डोक्यात बसवायचा."

"मग परत जाऊ का?"

"कशाला? बसला. निम्मी पोरं हेल्मेट आणायला घरी पळालीत. आता तुझं काढ."

"नाय काढत. तुमीच म्हणाला, लोकांसमोर रडू नको."