गावंडे सरांनी दुरुस्त केलेला शब्द

काकू, आणि सरांसाठी आलेल्या माझ्या सगळ्या मंडळींनो,

तेल्हाऱ्याच्या या शाळेत गावंडे सरांच्या फोटोपुढे उभं राहून बोलायला मी तयार नव्हते. दोन वेळा नाही म्हटलं होतं मी. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती काकूंसमोरच सांगायला हवी.

सरांनी आपल्याला विज्ञान शिकवलं. लांबलचक इंग्रजी शब्द आला की आपण घाबरायचो. सर म्हणायचे, "शब्दाले भेऊ नोको. तुकडे कर." डीएनएच्या पूर्ण नावातला पहिला शब्द अख्खा वर्ग बाकावर थापा देत म्हणायचा. डी-ऑक्-सी-राय-बो-न्यू-क्लिक. सात तुकडे, सात थापा. आठवतं ना?

तेच सात तुकडे घेऊन मी अमरावतीला कॉलेजात गेले. पहिल्याच सेमिनारला मॅडमनी थांबवलं. शेवटी 'क्ली' आणि 'इक' वेगळे म्हणायचे, तुकडे आठ होतात. मागचे बाक हसले. मी रडत सरांना फोन केला. तुमच्यामुळे माझं हसं झालं, मी कॉलेज सोडते, म्हणाले. असं बोलले मी त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सर हजर. मॅडमची परवानगी घेऊन वर्गापुढे उभे राहिले. म्हणाले, "चूक पोरीची नाई, माही हाये. मीच तिले तसं शिकवलं." मग मागच्या बाकावर बसून त्यांनी मॅडमकडून तो शब्द शिकून घेतला. बाकावर आठ थापा देत. निवृत्तीला आलेला माणूस! कोणी हसलं नाही.

तास संपल्यावर मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हे? मला त्यांच्या झिजलेल्या चपलांची लाज वाटली. मी म्हणाले, गावाकडचे आहेत कोणी.

सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं. घरून काकूंनी पाठवलेला डबा माझ्या हातात ठेवला, "शिकत राय" म्हणाले आणि स्टँडकडे निघाले.

पुढे दर दिवाळीला त्यांनी मला घरी बोलावलं. त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. माफी मागायचं मी दर वर्षी ठरवायचे आणि चहा पिऊन परत यायचे. आता कोणाकडे मागू?

काकू, मी कॉलेज सोडलं नाही. आज अकोल्यात जीवशास्त्र शिकवते. त्या दिवशी चार मुलींपुढे माझी जीभ वळली नाही. आज सगळ्या गावापुढे सांगते.

ते माझे सर होते.

आता उभे राहू या. सरांना श्रद्धांजली वाहू या.